तिसऱ्या माणसाची रिव्हॉल्व्हर

सिडनीत येऊन मराठी माणसं काय काय करायला लागतात हा एक वेगळाच विषय आहे. कुणी मॅरेथॉन धावतं, कुणी पहाटे उठून मासे धरायला जातं, कुणी चाळिशीत सतार शिकायला बसतं. माझा नवरा पिस्तुलं चालवायला लागला. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने त्याला एका शनिवारी सहज म्हणून क्लबात नेलं, आणि हा घरी परतला तो जत्रेतून आलेल्या पोरासारखा. मी म्हटलं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. ते उतरलं नाही. मग मीही लायसन्स काढलं, कारण दर शनिवारी नवऱ्याने मजा करायची आणि मी टूनगॅबीच्या घरात बसून पडदे धुवायचे, ही वाटणी मला मान्य नव्हती. माझा नेम त्याच्यापेक्षा बरा आहे. हे तो कबूल करतो, पण चारचौघांत नाही.

घरात पिस्तूल ठेवायला मी अटी घालूनच तयार झाले होते. पिस्तूल भिंतीला पक्क्या केलेल्या लोखंडी तिजोरीत राहील, तिजोरीची किल्ली माझ्याकडे राहील, आणि गोळ्या घरात येणारच नाहीत. गोळ्या क्लबात घ्यायच्या आणि क्लबातच संपवायच्या. त्याने हे सगळं निमूट ऐकलं, कारण खरं तर नेमबाजीपेक्षा त्याला त्या यंत्राचंच वेड जास्त. नोकरी पॅरामॅटाला, बँकेच्या कॉम्प्युटर खात्यात, पण हात सदैव कशाच्या तरी पोटात. टूनगॅबीपासून केलीव्हिलपर्यंत कुणाचा मिक्सर बिघडला की तो आमच्या गॅरेजमध्ये यायचा. शिलाई मशीन, भिंतीवरची घड्याळं, एकदा तर भाता फाटलेली पेटीही आली होती. दुरुस्ती झाली की मालकाला समोर उभं करून वस्तू चालवून दाखवायचा आणि म्हणायचा, "बघ, काय गोड चालतंय." हे ऐकल्याशिवाय माणसाला घरी जाता येत नसे.

गेल्या वर्षी त्याने नोकरी सोडली. ऑफिसात माणसं कमी करायची होती, तेव्हा याने आपण होऊन हात वर केला. साठीला अजून अवकाश होता. मला म्हणाला, "आता निवांत." आणि त्याच सुमारास आमच्या घरात एक तिसरा माणूस राहायला आला.

मुलगी मेलबर्नला, घरात आम्ही दोघंच, त्यामुळे तिसऱ्याच्या खुणा लगेच दिसायच्या. मी वरच्या खोलीत लॅपटॉपवर काम करून दुपारी खाली आले की ओट्यावर दोन कप चहा झाकून ठेवलेला असायचा, थंडगार झालेला. नवरा म्हणायचा, "मी नाही केला." मागच्या अंगणातला नळ चालू असायचा आणि तुळशीची कुंडी भरून वाहत असायची. कचऱ्याचा डबा भलत्याच दिवशी रस्त्यावर जाऊन उभा राहायचा. एकदा मी ऑफिसातून परतले तर बेडरूममध्ये प्रवासाच्या दोन्ही बॅगा भरून ठेवलेल्या. माझ्या बॅगेत स्वेटर सगळ्यात वर, कारण मला विमानात थंडी वाजते.

"कुठे निघालोय आपण?" मी विचारलं.

तो बॅगांकडे माझ्याइतक्याच आश्चर्याने बघत होता. "तूच भरल्यास ना?" तो म्हणाला.

मग मी कपड्यांच्या घड्या नीट पाहिल्या. बाह्या आत दुमडून कुर्ता घडी करायची ती पद्धत त्याच्या आईची, आणि तिच्यानंतर फक्त त्याची. मी एकेक कपडा काढून पुन्हा कपाटात लावला. तो मला मदत करत होता, आणि मधूनच म्हणत होता, "किती कपडे काढलेस गं."

मी देव मानते, भुतं मानत नाही. नवरा दोन्ही मानत नाही. पण भर दुपारी, बाहेर लख्ख ऊन आणि मॅगपाय पक्षी ओरडत असताना, मी जिन्यात थबकून खालचा कानोसा घ्यायला लागले. खाली पावलं वाजायची ती त्याचीच असायची, हे मला माहीत होतं. तरी खाली जाऊन त्याचा चेहरा बघेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. बहुतेक वेळा तो तोच असायचा. पेपर वाचत बसलेला, मला चिडवायला तयार. पण कधी कधी त्याने मान वर करायच्या आधी एक क्षण जायचा, आणि त्या क्षणात मला वाटायचं की माझ्याकडे बघणारा माणूस मला ओळखायच्या खटपटीत आहे.

मी मुळात चिडकी बाई, आणि घाबरले की जास्तच चिडते. त्या दिवसांत मी त्याच्यावर नळावरून ओरडले, चहावरून ओरडले, डब्यावरून ओरडले. तो म्हणायचा, "मी केलं नाही तर मला का बोलतेस?" आणि त्याच्या आवाजात इतका खरेपणा असायचा की मला त्या तिसऱ्याचाच राग यायचा. कोण हा उपटसुंभ, आमच्या घरात येऊन चहा करून ठेवणारा? माझ्या नवऱ्याला खोटं पाडणारा?

शेवटी त्याला ओढत आमच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्याला चार प्रश्न विचारले, घड्याळ काढायला सांगितलं. त्याने काटे तर काढलेच, वर आतली चाकंही काढून दाखवली. डॉक्टर हसल्या, पण मेमरी क्लिनिकसाठी रेफरल मात्र दिलंच. तो कागद त्याने फ्रिजवर लावू दिला, तिथे जायला मात्र साफ नकार दिला.

"एकदा तिथे गेलो की आधी गाडी जाणार," तो म्हणाला. "मग क्लब जाणार. मग तू मला हाताला धरून रस्ता क्रॉस करायला लावणार."

"मग काय, नळ सोडून घर बुडवायचं?"

"तो मी सोडला नव्हता."

मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "डॅड, जस्ट गो. इट्स वन अपॉइंटमेंट." त्याने तिला हवामान विचारलं आणि फोन माझ्या हातात दिला. या विषयावर तो ताकास तूर लागू देत नव्हता.

मग एका रविवारी सकाळी त्यानेच तो विषय काढला. क्लबातल्या एका म्हाताऱ्या सभासदाने शूटिंग सोडताना आपली जुनी रिव्हॉल्व्हर याला विकली होती. ती तेव्हापासून तिजोरीत पडून होती. तिचा चाप फार जड होता आणि गोळ्यांचं चक्र दर खेपेला पुरतं जागेवर येत नसे. स्प्रिंगा आणि लहानसहान पार्ट मागवून ठेवले होते, पण काम आज करू, उद्या करू करत राहून गेलं होतं.

"ऐक," तो म्हणाला. "ती मी पूर्ण उघडतो. नवीन पार्ट बसवतो, परत जोडतो. मग क्लबात आर्मरर ती तपासेल, त्याच्यासमोर चालवून बघायची. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाला हे काम जमणारच नाही, हे तुलाही माहितीये. चालली, तर तू त्या क्लिनिकचं नाव काढायचं नाही. नाही चालली, तर तू म्हणशील तिथे येतो. नो आर्ग्युमेंट."

"आणि मी मध्ये येऊन बघितलं तर?"

"गॅरेजमध्ये पाऊल टाकायचं नाहीस. नाहीतर उद्या म्हणशील, मी होते म्हणून जमलं."

मी पैज घेतली. शहाण्या बाईने घेतली नसती, मुलीने तर मला फोनवरच झापलं. पण मला ती रिव्हॉल्व्हर चालायला हवी होती, त्याच्याइतकीच, कदाचित काकणभर जास्तच. ती नीट चालली असती तर चहाचे कप, बॅगा, नळ या सगळ्याचा मी काहीतरी अर्थ लावून टाकला असता. नोकरी सुटल्याचं आलं असेल मनावर, झोप होत नसेल, असं काहीतरी. मला फक्त एक निमित्त हवं होतं.

सकाळी मी तिजोरी उघडून त्याला सामान द्यायची आणि संध्याकाळी परत आत ठेवून किल्ली फिरवायची. रिव्हॉल्व्हरचा सांगाडा फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेला असायचा, आणि सुटे भाग माझ्या जुन्या मिसळणाच्या डब्यात. मोहरीच्या वाटीत स्क्रू, जिऱ्याच्या वाटीत स्प्रिंगा, अशी त्याने व्यवस्था केली होती म्हणे. मी झाकण उघडून बघितलं नाही. पैज म्हणजे पैज.

ते दिवस चांगले गेले, असं मला आजही वाटतं. गॅरेजच्या बंद दारापलीकडून कानशीचा आवाज यायचा, मग शांतता, मग त्याचं गुणगुणणं. जेवायला हात धुऊन यायचा तेव्हा नखांत काळं तेल असायचं आणि चेहरा निवळलेला. नळ बंद होते. चहा एकच कप, गरम. मला वाटलं, तिसरा माणूस कंटाळून निघून गेला.

फक्त कधी कधी दाराआडून बोलणं ऐकू यायचं. हळू आवाजात, समजावणीच्या सुरात. मी म्हणायचे, फोनवर असेल कुणाशी. एकदा तसं म्हणून मी पुढे गेले तर त्याचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता. मी तिथेच उभी राहिले. पलीकडे तो कुणाला तरी म्हणत होता, "अरे, असं नाही, आधी हे बसव, मग ते." मी फोन उपडा घातला आणि कुकर लावला.

तेवढ्यात खंडेनवमी आली. इथे ती वसंतात येते, पण झेंडू इंडियन दुकानात मिळतो. मी दरवर्षी सगळ्या हत्यारांची पूजा करते. लॅपटॉप, मिक्सर, विळी, गाडी, त्याची पान्यांची पेटी, आणि अर्थातच तिजोरीतली मंडळी. नवरा दर वर्षी दाराला टेकून उभा राहून माझी थट्टा करायचा. "लॅपटॉपला नैवेद्य दाखवलास का? चार्जर रुसेल." स्वतः कधी हात जोडले नाहीत. आईच्या तेराव्याला भटजींनी पुढे बसवलं तेव्हाही तो मख्ख बसून होता. त्याचं सांगणं एवढंच, की पिस्तुलांना हळदकुंकू आणि अक्षता लावायच्या नाहीत, बारीक पूड आत गेली की यंत्र बिघडतं. म्हणून त्यांना नुसतं कोरडं फूल मिळायचं.

त्या सकाळी मी गॅरेजच्या दाराबाहेरून विचारलं, "तिला फूल देऊ का आत?"

"यंदा राहू दे," तो आतून ओरडला. "पोट उघडं आहे तिचं."

मग मी तिजोरीतल्या बाकीच्या पिस्तुलांना कोरडं फूल ठेवलं, तिजोरी बंद करून दाराला हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल चिकटपट्टीने लावलं आणि वर कामाला गेले. दुपारी खाली आले तर देव्हाऱ्यातली घंटी आणि हळदकुंकवाची कोयरी जागेवर नव्हती. शोधलं तर गॅरेजच्या दाराजवळ, वॉशिंग मशीनवर दोन्ही ठेवलेली. उदबत्तीचा वासही येत होता. सकाळी गाडीची पूजा करून येताना मीच इथे विसरले असेन, असं मी स्वतःला सांगितलं. मीही विसरते, सगळेच विसरतात, या विचाराने मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

दसरा झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याने रिव्हॉल्व्हर आणून माझ्यासमोर ठेवली. जोडलेली, पुसलेली, काळीभोर. नकली गोळ्या घालून त्याने ती बैठकीत कितीतरी वेळा चालवून दाखवली. चाप लोण्यात बोट फिरावं तसा मागे येत होता आणि चक्र दर खेपेला नेमकं जागेवर येऊन बसत होतं.

"बघ," तो म्हणाला, "काय गोड चालतंय."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

शनिवारी आम्ही क्लबात गेलो. रस्ताभर तो बोलत होता, मी गप्प होते, एरवी याच्या उलट असतं. क्लबचा आर्मरर म्हणजे हत्यारं तपासणारा, दुरुस्त करणारा माणूस. आमचा आर्मरर सत्तरीचा, पांढऱ्या भुवयांचा, कमी बोलणारा गोरा म्हातारा. त्याने रिव्हॉल्व्हर हातात घेतली, चक्र फिरवलं, चाप ओढून पाहिला, कानाजवळ नेऊन पुन्हा ओढून पाहिला. मग भुवया वर करून म्हणाला, "नाइस जॉब, मेट. डिड यू डू दिस इन युअर गॅरेज?"

"यप," नवरा म्हणाला, आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

घरी काम केलेल्या हत्याराची चाचणी सावकाश घेतात. आधी चक्रात एकच गोळी घालायची, मग दोन, आणि सगळं ठीक वाटलं तरच चक्र पूर्ण भरायचं. आर्मरर त्याच्या खांद्याशी उभा राहिला. मी कानांवर मफ लावून पिवळ्या पट्टीच्या मागे. माझे हात जोडलेलेच होते, जॅकेटच्या पुढच्या खिशात.

पहिली गोळी गेली. कागदावर मधोमध नाही, पण मधल्या वर्तुळात. आर्मररने रिव्हॉल्व्हर तपासून परत दिली. मग दोन गेल्या. त्याही स्वच्छ. नवऱ्याने मागे वळून पाहिलं नाही, पण त्याची मान ताठ झाली तेव्हा मला कळलं की तो हसतोय. मला एकदम हलकं वाटलं. फ्रिजवरचा कागद घरी गेल्या गेल्या काढायचा, असं मी ठरवूनही टाकलं.

त्याने चक्र पूर्ण भरलं. एक गोळी गेली, दुसरी गेली, आणि त्यानंतर आवाजच आला नाही. मी पाहिलं तर त्याचं बोट चापावर होतं आणि चाप अर्ध्यात अडकला होता. पुढेही जाईना, मागेही येईना.

त्याने काहीही चूक केली नाही, हे मला सांगायलाच हवं. नळी समोरच ठेवली, बोट चापावरून काढलं, डावा हात वर केला आणि उभा राहिला. नियम त्याच्या हाडात मुरलेले होते. आर्मररने येऊन रिव्हॉल्व्हर घेतली, जपून गोळ्या काढल्या आणि ती टेबलाकडे नेली. नवरा तिथेच उभा राहून स्वतःचे दोन्ही हात बघत होता, तळवे वर करून.

मी जवळ गेले तेव्हा म्हणाला, "संपलं."

गेलं वर्षभर मी त्याला म्हणत होते की काहीतरी बिघडलंय. आणि आता ते खरं ठरत होतं तर मला कुणाच्या तरी कानाखाली मारावीशी वाटत होती. "काही संपलेलं नाही," मी म्हटलं. "स्प्रिंगच खराब असेल. आजकाल काय वाट्टेल ते विकतात." आम्ही टेबलापाशी जाऊन उभे राहिलो.

आर्मररने बाजूचं झाकण सोडवून बाजूला ठेवलं, चष्मा नाकावर खाली घेतला आणि आत बराच वेळ बघत राहिला. मग चिमटा घातला. चिमट्यात एक लालसर काहीतरी आलं, ते त्याने पांढऱ्या कागदावर ठेवलं.

"व्हॉट द हेल इज दॅट?" तो म्हणाला. "मुंगीचं अंडं?"

तो तांदूळ होता. कुंकवाने रंगलेला, तेलात भिजलेला, एका टोकाला चिरडलेला अख्खा तांदूळ.

"राइस," मी म्हणाले. मग मला त्या माणसाला खंडेनवमी समजावून सांगावी लागली. वर्षातून एक दिवस आम्ही आमच्या हत्यारांच्या पाया पडतो, त्यांच्यावर असे दाणे टाकतो. म्हाताऱ्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. म्हणाला, त्याची आजी नव्या गाडीवर होली वॉटर शिंपडायची. मग तो नवऱ्याकडे वळला. "तुझं काम एकदम बरोबर आहे, मेट. स्पॉट ऑन. हा दाणा कोपऱ्यात बसून होता, धक्क्याने सुटला आणि मध्ये आला. बाकी कशात काही खोट नाही."

नवऱ्याचा चेहरा असा उजळला की मी तो विसरणार नाही. तो माझ्याकडे वळून जोरात हसला. "तू! तूच ना! दर वर्षी सांगतो, अक्षता नको, अक्षता नको!"

"हो बाबा, मीच," मी म्हटलं. "तिजोरीवर टाकल्या तेव्हा डब्यात पडला असेल एखादा."

तिजोरीचं दार बंद होतं आणि डबा त्या वेळी गॅरेजमध्ये होता. वॉशिंग मशीनवरची घंटी मला आता लख्ख दिसत होती. कोयरी, उदबत्तीचा वास, सगळं. पण तो हसत होता, सगळ्यांसमोर मला रागावत होता, आणि मला त्याला आणखी थोडा वेळ तसंच ठेवायचं होतं. "देवभोळी बाई," तो आर्मररला सांगत होता. "माय वाइफ. व्हेरी रिलिजस. व्हेरी डेंजरस."

मग त्याने ते बाजूचं झाकण उचललं, पुसून परत बसवायला. फडकं हातात घेतलं, झाकण उलटं केलं आणि थांबला.

झाकणाच्या आतल्या बाजूला, तेलाच्या पातळ थरात, एक पिवळा ठिपका होता आणि त्याला लागून लाल. हळद आणि कुंकू. बोटाने नीट टेकवून लावलेलं, थोडं पसरलेलं. वरून सांडलेलं असं दिसत नाही. तो ते दिव्याखाली धरून पाहत राहिला. मग त्याने आपली अनामिका त्या ठिपक्यावर, न टेकवता, अगदी जवळ नेली. माप बरोबर होतं.

"ही प्लेट मी बसवली," तो मराठीत म्हणाला. "तू ती पाहिलीस तेव्हा बंद होती."

"हो."

"त्याआधी तू गॅरेजमध्ये आलीस?"

मला खोटं बोलता आलं असतं. पैज मोडली, चोरून आले, असं म्हणता आलं असतं. पण तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता त्या नजरेत पूर्ण भान होतं. अशा माणसाशी खोटं बोलणं मला जमलं नाही.

"नाही आले," मी म्हटलं.

आर्मररला शब्द कळले नसतील, पण तो म्हणाला, "मी केटल लावतो," आणि आत निघून गेला. नवऱ्याने झाकण पुसलं नाही. जसं होतं तसं रिव्हॉल्व्हरशेजारी ठेवलं, आणि दाणा असलेला कागद दुमडून खिशात घातला. आर्मरर तीन मग घेऊन आला तेव्हा नवरा त्याला म्हणाला, "कॅन यू कीप हर हिअर? फॉर गुड. जो नियम असेल तो कर."

"शुअर? शी शूट्स ब्यूटिफुली."

"आय नो," नवरा म्हणाला. "आय नो शी डज."

चहा संपेपर्यंत दोघं पावसाबद्दल बोलले. परत येताना गाडी मी चालवली. त्याने किल्ली मागितली नाही. शेतांच्या मधला रस्ता संपून घरं लागायला लागली. मी गप्प होते, कारण तोंड उघडलं असतं तर मी कशावरून तरी ओरडले असते.

मग तो म्हणाला, "अपॉइंटमेंट घे. पैज मी जिंकलोय, तरी घे."

"घेते."

"हळदकुंकू कुठून घेतलं असेल मी?"

"देव्हाऱ्यातलं. घंटीही नेली होतीस."

"घंटी?" तो म्हणाला. "मी आयुष्यात कधी घंटी वाजवली नाही. आईसाठीसुद्धा नाही." मग म्हणाला, "किती घाबरला असेल गं तो."

तो, असंच म्हणाला. त्या तिसऱ्या माणसाबद्दल मी त्याला कधी एक अक्षर बोलले नव्हते. वर्षभर मी त्याचा राग करत होते, जिन्यात उभी राहून त्याची चाहूल घेत होते. तो मात्र माझे स्वेटर वर ठेवून बॅगा भरत होता, माझ्यासाठी चहा झाकून ठेवत होता, आणि भर दुपारी बंद दाराआड एकटाच, कधी न मानलेल्या देवापुढे घंटी वाजवत होता. तो माझा नवराच होता. दुसरं कुणी कधी नव्हतंच आमच्या घरात.

"आत्ता भीती वाटतेय का तुला?" मी विचारलं.

"वाटतेय ना," तो म्हणाला. "पण आत्ता तू आहेस. त्याच्यापाशी कुणीच नव्हतं."